जहाजात काय भरलंय? : सर रिडली स्कॉट यांना खुलं पत्र

रत्नागिरी

मा. सर रिडली स्कॉट यांस,


तुमच्या जन्मगावी मी सहा महिने राहिलो आहे. गोष्ट 1992 ची. साउथ शील्ड्सला जहाजावरच्या अधिकाऱ्यांची परीक्षेची तयारी करून घेणारी जुनी मरीन स्कूल आहे. आमच्या पिढीतले कितीतरी भारतीय इंजिनिअर आणि मेट आपलं ‘टिकीट’ काढायला तिथे जायचे, तसा मीही गेलो होतो. टाइन नदीच्या मुखाशी उभं राहिलं की उत्तर समुद्राचा वारा कानशिलं बधिर करायचा. संध्याकाळी ओशन रोडवरच्या करीच्या हॉटेलांतून फोडणीचा वास आला की पाय आपसूक तिकडे वळायचे. हे गाव तुमचं आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुमचं नाव ऐकून होतो, आणि तुमच्या एका चित्रपटाबद्दल तर फारच ऐकून होतो. पण तो पाहिला गेल्या महिन्यात, वयाच्या 61 व्या वर्षी. चित्रपट अर्थातच ‘एलियन’.

इतकी वर्षं का पाहिला नाही, ते आधी सांगतो. 1986 साली ज्युनिअर इंजिनिअर म्हणून मी पहिलं जहाज पकडलं. मेस रूममध्ये एक टीव्ही, एक व्हिडिओ आणि खोकाभर कॅसेटी होत्या. त्यात तुमच्या चित्रपटाची कॅसेट होती. आमचे सेकंड इंजिनिअर बाणकोटकडचे, कमी बोलणारे. मी ती कॅसेट हातात घेतलेली बघून त्यांनी ती काढून घेतली आणि परत खोक्यात टाकली. म्हणाले, “हा पिक्चर जहाजावर बघायचा नाही. घरी जाऊन बघ.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सेकंड साहेबांना ‘का’ विचारायची माझी हिंमत नव्हती. घरी गेलो की घरात लहान मुलं. मग पुढचं जहाज. असं करत 35 वर्षं गेली. चीफ इंजिनिअर म्हणून 2021 मध्ये शेवटचा उतरलो, तरी तो राहिलेलाच होता.

माझी धाकटी लेक थर्ड मेट आहे. पुढचं जहाज पकडण्याआधी महिनाभर घरी होती. एका रात्री जेवणं झाल्यावर तिने तो लावला. म्हणाली, “बाबा, तुम्ही आता कायमचे किनाऱ्यावर आहात. तुमच्या सेकंड साहेबांची अट पुरी झाली.”

मला वाटलं होतं, आपण राक्षसाचा चित्रपट बघायला बसलोय. पहिली काही मिनिटं पडद्यावर माणूसच दिसत नाही. रिकामे पॅसेज. टेबलावर माना खाली-वर करणारे खेळण्यातले पक्षी. हवेने फडफडणारे कागद, खुर्चीसमोर ठेवलेली हेल्मेटं आणि एक अखंड घरघर. मी लेकीला म्हटलं, हे तर बारा ते चारचं वॉच आहे. मध्यरात्री उठून, डोळे चोळत इंजिन रूमकडे निघालेल्या माणसाला जहाज असंच दिसतं. यंत्रं जागी असतात, माणसं झोपलेली असतात, आणि आपण नसतानाही हे सगळं चालू होतं या जाणिवेने पोटात किंचित काहीतरी हलतं. ही गोष्ट मी घरी कुणाला कधी सांगू शकलो नव्हतो. तुम्ही ती 1979 मध्येच दाखवून ठेवली होती.

पुढे जेवणाचं टेबल येतं. सात माणसं, सिगारेटी, कॉफी, एकमेकांना टोमणे. आणि पहिला खरा विषय निघतो तो बोनसचा. इंजिन रूमचे पार्कर आणि ब्रेट म्हणतात, आम्हाला वरच्यांइतका हिस्सा का नाही? ही चर्चा मी किती भाषांत ऐकली असेल! मल्याळीत, तागालोगमध्ये, युक्रेनियनमध्ये, कोकणीत. डेकवाले आणि इंजिनवाले यांच्यातलं हे जुनं दुखणं आहे. वर उजेड, वारा, समुद्र. खाली 45 डिग्री, तेलाचा वास आणि कानात बोळे. यॅफेट कोटो आणि हॅरी डीन स्टॅंटन यांनी ती दोन माणसं अशी उभी केलीत की मला त्यांचे पगारसुद्धा सांगता आले असते. ग्रहावर उतरताना जहाजाचं नुकसान होतं तेव्हा दुरुस्तीला किती वेळ लागेल याचा हिशेब ते आपसांत 17 तासांचा करतात आणि वर 25 तास सांगतात. मी मोठ्याने हसलो. लेकीने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही लोक खरंच असं करता.” करतो. आठ तास खिशात ठेवावे लागतात, कारण एखादा गंजलेला बोल्ट तुटला की ते आठ तास कुणी वरून पाठवत नाही.

जहाजाचं ‘नॉस्ट्रोमो’ हे नाव जोसेफ कॉनराडच्या 1904 च्या कादंबरीवरून घेतलंय आणि तुमचा पहिला चित्रपट ‘द ड्युएलिस्ट्स’ही त्याच्याच कथेवर होता, हे लेकीने सांगितलं. कॉनराड स्वतः व्यापारी जहाजांवर अधिकारी होता, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. जहाजाच्या आतल्या भागाचं डिझाइन करणाऱ्या रॉन कॉब यांचं मात्र मला फार कौतुक वाटलं. दारादारांवर त्यांनी छोटी सूचनाचिन्हं लावली आहेत: इथे दाब आहे, इथे हवा नाही, इथे थंड. प्रेक्षकाने ती वाचावीत म्हणून ती लावलेली नाहीत. जहाजावर ती असतात म्हणून आहेत. शेपरटन स्टुडिओत भंगार विमानांचे भाग वापरून तुम्ही ते पॅसेज एकमेकांना जोडून बांधलेत, नटांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे खरंच चालत जावं लागायचं. ते पडद्यावर कळतं. त्या माणसांना कुठे वाकायचं हे ठाऊक आहे.

आणि ती साखळ्यांची खोली. मांजर शोधत ब्रेट तिथे येतो. वरून साखळ्या लोंबताहेत, पाणी ठिबकतंय. तो टोपी काढतो आणि ते पाणी तोंडावर घेतो. पुढे त्याचं काय होतं ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण मला तो पाण्याचा क्षण आठवत राहिला. दिवसभर गरम लोखंडात काम केलेला माणूस कुठूनही गार थेंब आला तर तोंड वर करतोच. ते पाणी कसलं आहे, हे तो त्या क्षणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही.

आता त्या जेवणाच्या प्रसंगाबद्दल. जहाजावरच्या केन नावाच्या माणसाच्या छातीतून काय बाहेर येतं, हे मी न बघताही चाळीस वर्षं ऐकत होतो. तरी माझा हात लेकीच्या मनगटावर गेला. मागाहून तिने सांगितलं की काहीतरी बाहेर येणार एवढं नटांना माहीत होतं, रक्त किती उडणार ते माहीत नव्हतं. खाटकाकडून आणलेल्या आतड्यांचा सेटवर वास सुटला होता. आणि व्हेरॉनिका कार्टराइटच्या चेहऱ्यावरचा धक्का बराचसा खरा आहे. असेल. पण मी हादरलो ते वेगळ्या कारणाने. हे मेस रूमच्या टेबलावर घडतं. जहाजावर मेस रूम ही एकच जागा अशी असते जिथे माणूस पद बाजूला ठेवून बसतो. केन बरा झालाय, भूक लागलीय म्हणतोय, सगळे त्याला बघून हसताहेत. आजारातून उठलेल्या सोबत्याचं ते पहिलं जेवण मी पाहिलेलं आहे. त्या आनंदातच तुम्ही ते घडवलंत.

इथे मला माझ्या आजीचं घर आठवलं. कोकणातल्या घरांत दाराच्या चौकटीमागे, जुन्या फोटोच्या पाठीमागे कुंभारीण माशी मातीची छोटी घरटी बांधते. आजी ती मोडू देत नसे. ती सांगायची, माशी आत एक अळी कोंडून ठेवते, अळी भीतीने रात्रंदिवस माशीचंच चिंतन करते, आणि चिंतन करता करता स्वतःच माशी होऊन उडून जाते. कीटक-भृंग न्याय तो हाच. आमच्याकडे संतांनी भक्तीसाठी हा दाखला पुन्हा पुन्हा दिलाय: ज्याचा ध्यास घ्यावा, त्याचंच रूप व्हावं. आठ-नऊ वर्षांचा असताना मी आजीच्या नकळत काडीने एक घरटं फोडलं. आत चार-पाच हिरव्या अळ्या होत्या. मेलेल्या नव्हत्या; डिवचलं की किंचित थरथरायच्या, पण हलता येत नव्हतं. आणि त्यांना चिकटून एक पांढरा गुबगुबीत जीव त्यांना खात होता.

मी आजीला काही बोललो नाही. आज मला त्यामागचं शास्त्र ठाऊक आहे. माशी डंख मारून अळीला बधिर करते, मारत नाही, कारण मेलेलं अन्न कुजतं. काही जातींच्या माश्या तर अंडं अळीच्या अंगातच घालतात. 1860 मध्ये चार्ल्स डार्विनने आपल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं होतं की कुणा दयाळू देवाने अशा माश्या मुद्दाम घडवल्या असतील, हे मला पटत नाही. तुमचे पटकथाकार डॅन ओ’बॅनन यांना चित्रपटातल्या जिवाचा जन्म अशा माश्यांवरून सुचला, आणि स्वतः त्यांना आतड्याचा असाध्य आजार होता. आतून काहीतरी कुरतडतंय ही भावना त्यांना कल्पनेने आणावी लागली नसेल. स्वित्झर्लंडच्या एच. आर. गिगर यांनी त्या जिवाला जे रूप दिलं त्यात हाड कुठे संपतं आणि पाइप कुठे सुरू होतो, ते कळत नाही. इंजिन रूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला ते रूप विचित्र वाटण्याऐवजी ओळखीचं वाटतं, हे मी कबूल करतो. पाइपांच्या जंगलात अंधारात तो उभा असेल तर तो दिसणारच नाही.

सर, इथवरची भीती मला सोसली. खरी भीती पुढे आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

पहिल्या अर्ध्या तासातच जहाजावरचा विज्ञान-अधिकारी ॲश कराराचं कलम काढतो: वाटेत बुद्धिमान जिवाचा वाटावा असा संदेश मिळाला तर तपास करणं बंधनकारक, नाहीतर सगळा हिस्सा बुडाला. पार्कर गप्प बसतो. हा ॲश जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी बदली म्हणून चढलेला आहे, हेही आपल्याला नंतर कळतं. आणि मग जहाजावरची अधिकारी रिप्ली कॅप्टनखेरीज कुणी जायचं नाही अशा त्या पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत जाते, जहाजाच्या संगणकाला, ‘मदर’ला विचारते, आणि हुकूम क्रमांक 937 पडद्यावर उमटतो. तो जीव आणून द्या. बाकी सगळं दुय्यम. खलाशी खर्ची पडले तरी चालतील.

मी लेकीला चित्रपट थांबवायला सांगितलं. उठून पाणी प्यायलो. आणि तिला एक गोष्ट सांगितली, जी घरात कधी सांगितली नव्हती.

अनेक वर्षांपूर्वी आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात लोखंडाच्या खनिजाची माती भरत होतो. ‘फाइन्स’ म्हणतात तिला, रव्यासारखी बारीक. मे संपत आला होता आणि वळवाचे दोन पाऊस पडून गेले होते. ढीग उघड्यावर होते. अशा मातीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ओल असली तर ती वरून कोरडी, घट्ट दिसते, पण जहाजाच्या हादऱ्यांनी आणि लाटांच्या हेलकाव्यांनी आतलं पाणी सुटतं आणि अख्खं होल्ड चिखलाच्या रश्श्यासारखं वाहायला लागतं. जहाज एका बाजूला कललं की माल त्या बाजूला वाहतो आणि परत येत नाही. कधीकधी काही मिनिटांत जहाज उलटतं. म्हणून माल देणाऱ्याने ओल किती आहे ते लिहून द्यायचं असतं. आणि चीफ मेटकडे एक साधी परीक्षा असते: अर्ध्या ते एक लिटरचा डबा निम्मा मातीने भरायचा आणि वीतभर उंचीवरून कठीण जागेवर 25 वेळा आपटायचा. वर पाणी चमकलं किंवा माती पातळ झाली, तर तो माल भरायचा नाही.

आमच्या मेटने डबा डेकवर आपटला. मी बाजूला उभा होतो. पंधराव्या-सोळाव्या वेळेलाच मातीवर पाण्याची चकाकी आली. मेटने तो डबा कॅप्टनला नेऊन दाखवला, कॅप्टनने कंपनीला फोन लावला. पलीकडून विचारलं गेलं ते एवढंच: कागद बरोबर आहेत ना? कागद बरोबर होते. ओल मर्यादेच्या आत असल्याचं त्यावर लिहिलेलं होतं, सही-शिक्क्यासकट. मग भरा.

आम्ही भरलं. तिसऱ्या दिवशी, रात्री, जहाज डावीकडे चार-पाच डिग्री कललं आणि सरळ झालंच नाही. इंजिन रूममध्ये उभ्या माणसाला हे तळपायाला कळतं. मी बॅलास्टचं पाणी फिरवत होतो आणि मोजत होतो. माझ्याबरोबरचा मोटरमन काही न बोलता लाइफजॅकेट आणून माझ्यापाशी ठेवून गेला. कॅप्टनने जहाज वळवून आडोशाला नेलं, समुद्र बरा होता, आम्ही वाचलो. यात शहाणपण कुणाचंच नव्हतं. समुद्र बरा होता.

2009 च्या पावसाळ्यात अशीच माती भरलेली दोन जहाजं आमच्या किनाऱ्यांवर बुडाली: जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’, सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. पारादीपला एक इंजिनिअर गेला. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. 1 जानेवारी 2011 पासून अशा मालाचे आंतरराष्ट्रीय नियम बंधनकारक झाले. नियम चांगले आहेत. डबा अजूनही तोच आहे.

लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या रात्री ब्रिजवर थर्ड मेट कोण होता?” मला त्याचं नाव आठवलं नाही. चेहरा आठवतो. 23-24 वर्षांचा असेल. त्याला त्या फोनबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून हुकूम 937 वाचताना मला त्या दातांपेक्षा, त्या शेपटीपेक्षा जास्त भीती वाटली. नॉस्ट्रोमोच्या मागे 2 कोटी टन खनिज आहे. आज जगातलं सर्वांत मोठं खनिजवाहू जहाज साधारण 4 लाख टन नेतं. तुमच्या जहाजावर माणसं सातच. यंत्र वाढतं, माल वाढतो, माणसं कमी होतात. माझ्या पहिल्या जहाजावर आम्ही चाळीसच्या घरात होतो, शेवटच्यावर 21. आणि त्या सातांपैकी सहांना माहीतच नाही की आपण कशासाठी वळलो, काय घेऊन चाललो. तो जीव चुकून चढलेला नाही. तो माल आहे. त्यांना कुणी सांगितलं नाही इतकंच.

त्या हुकमाच्याही आधी, विलगीकरणाच्या दाराशी मी जास्त वेळ थांबलो, कारण तिथे माझं मन दुभंगलं. केनच्या तोंडावर तो जीव चिकटलेला आहे, त्याचे सोबती डॅलस आणि लॅंबर्ट त्याला घेऊन दाराशी उभे आहेत, आणि आत रिप्ली म्हणते, नियम 24 तासांचा आहे, दार उघडणार नाही. डॅलस कॅप्टन आहे, पण तो बाहेर असताना आतली जबाबदारी तिची. ॲश दार उघडतो. पहिल्या क्षणी मला ॲशचंच बरोबर वाटलं, हे लपवत नाही. सोबती मरतोय आणि ही बाई नियम सांगतेय!

2020 मध्ये मी अशाच दाराच्या बाहेर होतो. सहा महिन्यांचा करार तेरा महिन्यांवर गेला. त्या वर्षाअखेर जगभरात सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून होते. बंदरामागून बंदर आम्हाला माल उतरवू देत होतं, माणूस नाही. आमच्या फिटरला मूतखड्याची कळ उठली. तीन बंदरांनी डॉक्टर नाकारला. तो पॅसेजमध्ये भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा, कारण आडवं पडवत नव्हतं. चौथ्या बंदराने त्याला उतरवून घेतलं. त्या तीन बंदरांना मी मनात काय काय म्हटलं असेल ते इथे लिहीत नाही.

आणि तरीही रिप्ली बरोबर होती. तिचं ऐकलं असतं तर बाकीची माणसं वाचली असती. मुंबईत 1896 ला प्लेग आला तेव्हाही बंदर, जहाजं आणि दारं यांचाच प्रश्न होता. मी दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे आणि मला अजून ठरवता येत नाही. एवढंच म्हणेन की रिप्लीने दार बंद ठेवलं तेव्हा तिला नियम सोडून कशातच फायदा नव्हता, आणि ॲशने उघडलं ते दयेपोटी नव्हतं. सिगर्नी वीव्हर यांच्या आवाजात त्या क्षणी जो कोरडेपणा आहे तो मी चांगल्या कॅप्टनांत ऐकलाय. हे कोरडेपण त्यांना रात्री झोपू देत नाही.

मूळ पटकथेत पात्रं पुरुष की स्त्री हे मोकळं ठेवलं होतं, असं वाचलं. रिप्ली बाई झाली ती पुढे. 1979 मध्ये आमच्याकडे ही कल्पनाच नव्हती. भारतातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर सोनाली बॅनर्जी बाहेर पडल्या त्या 2001 मध्ये. माझी लेक पहिल्यांदा कॅडेट म्हणून गेली तेव्हा तिच्या जहाजावर ती एकटीच मुलगी होती. चित्रपट बघताना ती एका जागी फार शांत झाली: रिप्लीचं म्हणणं बरोबर आहे, सगळ्यांना ते कळतंय, तरी कुणी ऐकत नाही. ती म्हणाली, “हे मला रोज होतं.” तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. शेवटी बचावनौकेत रिप्ली कपडे उतरवते, तो प्रसंग मात्र तिला पटला नाही. इतका वेळ अधिकारी म्हणून बघितलेल्या बाईकडे कॅमेरा अचानक वेगळ्या नजरेने बघतो, असं तिचं म्हणणं. मला ते खरं वाटतं आणि तुम्हाला कळवावंसं वाटलं.

त्या बचावनौकेबद्दलच माझीही एक तक्रार आहे. चौघं उरलेत आणि रिप्ली सांगते, नौकेत चौघं मावणार नाहीत. सात माणसांच्या जहाजाला चौघांनाही पुरेल अशी नौका नाही! टायटॅनिक 1912 मध्ये बुडालं आणि 1914 मध्ये समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला त्यामागे हीही एक गोष्ट होती. आज मालवाहू जहाजाच्या बचावनौकांत सगळी माणसं मावतील एवढी जागा नसेल तर ते बंदर सोडू शकत नाही. आधी मला वाटलं, ही तुमची चूक. दुसऱ्यांदा विचार केल्यावर वाटलं, ज्या कंपनीने 937 लिहिला तिने नौकेवर पैसे का घालवावेत? तुम्ही हे मुद्दाम केलंत का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

आणखी एक नाव मला इथे लिहायचंय. त्या जिवाच्या पोशाखाच्या आत बोलाजी बादेजो होते, नायजेरियाचे, लंडनमध्ये डिझाइन शिकणारे, जवळपास सात फूट उंच. शेपटीमुळे त्यांना सेटवर खुर्चीत बसता येत नसे, म्हणून त्यांच्यासाठी झोका टांगला होता. त्यांनी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात काम केलं नाही आणि 1992 मध्ये ते लागोसला वारले. मी साउथ शील्ड्सला होतो, तेच वर्ष. साऱ्या जगाला ज्याची भीती वाटली त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. तळाशी काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत असंच होतं, म्हणून लिहिलं.

आता माझा प्रश्न. तुमचे थोरले बंधू फ्रँक व्यापारी जहाजांवर होते, असं वाचलं. चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ त्यांचाच विचार करत होतो. बोनसची ती चर्चा, 25 तासांचा तो हिशेब, साखळ्यांखालचा तो ओला वारा, हे स्टुडिओत बसून सुचत नाही. पटकथा लिहिणारे दुसरे होते हे मला माहीत आहे, पण पडद्यावर ते ज्या सवयीने आलंय ती सवय कुठून आली? फ्रँक सुट्टीवर घरी आले की जेवणाच्या टेबलावर काय सांगत? त्यांनी तुम्हाला कधी जहाजाच्या खाली, इंजिन रूममध्ये नेलं होतं का? उत्तर देता आलं तर फार बरं वाटेल. नाही देता आलं तरी हरकत नाही. माझ्यापुरतं मी धरून चाललोय की नेलं होतं.

लेक 14 तारखेला जहाज पकडते आहे. खनिज नेणारं जहाज आहे. बॅग भरताना तिने सांगितलं की हा चित्रपट ती बरोबर नेतेय आणि पहिल्या रविवारी मेस रूममध्ये सगळ्यांबरोबर बघणार आहे. मी तिला पुन्हा आमच्या सेकंड साहेबांचा नियम सांगितला. ती म्हणाली, “बाबा, हा जहाजावरच बघायला हवा.”

मी तिला अडवलं नाही.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर